नळाची रांग आणि चित्रकलेचा वर्ग

परवा वस्तीतल्या आमच्या गटात एक मुलगी आपली चित्रं घेऊन आली. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. फळं, सुरई, चुण्या पडलेलं कापड. हात छान आहे. मी विचारलं, "तुझ्या घरातलं यात काहीच नाही का गं?" म्हणाली, "ताई, घरातलं काय काढू? नळाची रांग? सर हसतील."

मला अमेरिकेतला एक वर्ग आठवला. १९७० साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथल्या कॉलेजात ज्युडी शिकागो या चित्रकर्तीनं फक्त मुलींसाठी वर्ग काढला. १५ जणी. आवाराबाहेर जागा भाड्यानं घेतली, ती नीटनेटकी केली मुलींनीच. शिकवायची रीत अशी, की सगळ्यांनी गोल बसायचं, एक विषय घ्यायचा आणि प्रत्येकीनं आपला अनुभव सांगायचा. चित्र, नाट्य, जे काही व्हायचं ते त्यातून. आधी तंत्र घोटवायचं आणि सांगण्यासारखं काही आहे का ते मागाहून बघायचं, हा नेहमीचा क्रम तिनं उलटा केला. जाणीवजागृतीच्या बैठकांना बसलेल्या मैत्रिणींना हे ओळखीचं वाटेल.

पुढच्या वर्षी हा वर्ग कॅलआर्ट्स या कलासंस्थेत गेला, मिरियम शापिरो जोडीला आल्या. १९७१ च्या अखेरीस मुलींनी हॉलिवूडमधलं एक पडकं घर घेतलं आणि त्याचं 'वुमनहाऊस' केलं. काचा बसवल्या, भिंती दुरुस्त केल्या, सुतारकाम शिकल्या. हातोडी धरायची सवयच मुलींना कुणी लावलेली नसते. ती लावणं हाही अभ्यासक्रमच! मग त्या घरात गुलाबी स्वयंपाकघर झालं, त्यात अंड्यांचे आकार बदलत बदलत स्तन होतात. चादरींच्या कपाटात फळ्यांमध्ये अडकलेली बाई उभी राहिली. घरातलं काय काढू, याचं हे एक उत्तर.

मात्र भारावून जायला नको. तो वर्ग बहुतांशी गोऱ्या मुलींचा होता. शिक्षिकांचा दबाव फार होतो, अशी कुरकुर त्यातल्या मुलींनीही केली. गोल बसलं म्हणून सत्ता जात नाही, हे मी आमच्या बैठकांतही पाहते. 'बोल ना गं' म्हणत मीच किती वेळा एखादीला कोंडीत पकडलं असेल.

आणि आपल्याकडे तर प्रश्न गुणांचा आहे. 'मुक्तपणे काढा' म्हणायचं आणि गुण मात्र सुरईलाच द्यायचे, तर मुली सुरईच काढणार. कागद-रंगांचा खर्च आई धुणीभांडी करून भागवते, तिथे नापास होणं परवडत नाही. म्हणून माझं म्हणणं, बदल मूल्यमापनापासून करा. प्रत्येक सत्रात एक काम विद्यार्थ्यांनी आपल्या घरा-वस्तीतून निवडावं आणि त्याला बाकीच्या कामांइतकेच गुण असावेत. गोधडी शिवणाऱ्या बाईला एका दिवसाची पाहुणी म्हणून नारळ देऊन बोळवू नका. शिक्षिका म्हणून बोलवा, मानधन द्या. रंगसंगती आणि तुकड्यांची मांडणी तिला कुठल्या पुस्तकातून आलेली नाही.

ती मुलगी काल पुन्हा आली होती. नळाची रांग काढलीय. पुढे हंडे, मागे बायका, आणि कडेला भांडणाऱ्या दोघी. त्यातली एक तिची आई. शनिवारी काम द्यायचं आहे. सुरईही बरोबर नेणार म्हणते.