रात्रीच्या शांततेची मालकी

हीथ्रो विमानतळावर तिसरी धावपट्टी बांधण्यास आपला पाठिंबा असल्याचे ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि लंडनच्या पश्चिम उपनगरांतील एक जुना वाद पुन्हा पेटला. धावपट्टीमुळे व्यापार किती वाढेल, हा त्या वादाचा एक भाग झाला. रहिवाशांच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. रात्री किती विमाने, किती वाजता आणि किती आवाज करीत आमच्या छपरांवरून जाणार? नव्या धावपट्टीच्या बदल्यात रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेतील साडेसहा तास नियोजित विमानसेवा पूर्ण बंद ठेवावी, अशी अपेक्षा ब्रिटिश सरकारने २०१८ च्या धोरणपत्रात नमूद केली आहे. म्हणजे झोप हीदेखील वाटाघाटीची वस्तू झाली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. मात्र ज्या वस्तूची ही वाटाघाट चालली आहे, तिची मालकी मुळात कोणाकडे आहे, हे फारसे कोणी विचारीत नाही.

वस्तुतः त्याचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागला आहे. शेजारच्या कारखान्याच्या आवाजाने झोप मोडत असेल, तर इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणे उपद्रवाचा दावा लावता येतो. १९२० च्या हवाई वाहतूक कायद्याने विमानांपुरता हा दरवाजा बंद केला. वाजवी उंचीवरून आणि नियमांनुसार जाणाऱ्या विमानाविरुद्ध, केवळ ते डोक्यावरून गेले एवढ्या कारणासाठी, दावा चालणार नाही असे ठरले. १९८२ च्या कायद्याने ती तरतूद पुढे चालवली, आणि आपल्याकडे १९३४ च्या विमान अधिनियमातही ती उतरली होती. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि सौदा करण्यास खर्च पडत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तडजोड करू शकतात, असे रोनाल्ड कोस यांनी १९६० साली मांडले. येथे हक्क आकाशातून जाणाऱ्याला मिळाला. आणि खाली झोपणाऱ्या लाखो माणसांनी वर्गणी काढून विमान कंपन्यांकडून शांतता विकत घ्यावी, ही कल्पना वर्गात सांगण्यापुरतीच ठीक आहे. मग उरतो तो सरकारी नियम.

हीथ्रोवर रात्रीच्या विमानांना पहिली मर्यादा १९६२ साली पडली. आजच्या पद्धतीचा पाया १९९३ चा. प्रत्येक प्रकारच्या विमानाला त्याच्या प्रमाणित आवाजावरून गुण दिले जातात. आवाज तीन डेसिबलने वाढला की गुण दुप्पट. एका हंगामात किती गुण खर्च करायचे याचा कोटा ठरलेला असतो, आणि त्याशिवाय रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत वर्षाला एकंदर ५,८०० विमानेच ये-जा करू शकतात: उन्हाळी हंगामात ३,२५० आणि हिवाळी हंगामात २,५५०. सरासरी काढली तर रात्रीला सोळा. सर्वांत गोंगाटी वर्गांना रात्री प्रवेशच नाही.

या गुणपत्रिकेचा एक परिणाम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जुन्या बोइंग ७४७-४०० ला उड्डाणाचे चार गुण पडत. एअरबसने ए-३८० या महाकाय विमानाची आखणी केली, तेव्हा ते दोन गुणांत बसलेच पाहिजे असा खरेदीदार कंपन्यांचा आग्रह होता, कारण हीथ्रोशिवाय त्याचा उपयोग काय? त्यासाठी इंजिनाचा पंखा मोठा करावा लागला आणि इंधनाचा थोडा जादा खर्चही पत्करावा लागला. २००७ मध्ये ते विमान सेवेत आले, ते ७४७ पेक्षा कितीतरी मोठे असूनही अधिक शांत होते. बंधने आली की उद्योग बुडतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. एका शहराच्या एका नियमाने जगभर उडणाऱ्या यंत्राची घडण बदलली.

तथापि गुणांच्या हिशेबाला एक मर्यादा आहे. विमाने शांत होत गेली की त्याच कोट्यात अधिक विमाने बसतात, आणि झोप सरासरीने मोडत नाही. पहाटे पावणेपाचला एक विमान गेले की माणूस जागा होतो. उरलेली रात्र कितीही नीरव असली तरी त्याचा काय उपयोग? म्हणूनच गुणांच्या जोडीला संख्येची मर्यादा हवी, हा रहिवाशांचा हट्ट रास्त आहे. विमान कंपन्यांना नेमकी हीच मर्यादा खुपते.

ज्यांना नियम अपुरा वाटला त्यांनी न्यायालयाची वाट धरली. हीथ्रोजवळच्या रहिवाशांचा हॅटन खटला स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. २००१ मध्ये ते जिंकले. २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या विस्तारित पीठाने बारा विरुद्ध पाच मतांनी तो निकाल फिरवला. ब्रिटनमध्ये परिणामकारक दाद मागण्याची सोय नव्हती, एवढे मात्र मान्य केले. निकालातील एक युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. रात्रीच्या आवाजामुळे त्या भागातील घरांच्या किमती घटलेल्या नाहीत. तेव्हा ज्याला त्रास होतो तो नुकसान न सोसता दुसरीकडे जाऊ शकतो. १९६८ साली लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी नेमलेल्या रॉस्किल आयोगानेही आवाजाचे मोल घरांच्या किमतीतील घटीवरूनच मोजले होते. (आयोगाने सुचवलेली जागा सरकारने १९७१ मध्ये नाकारली, आणि स्वतः निवडलेली १९७४ मध्ये सोडून दिली, तो इतिहास फारच रंजक आहे, पण असो.) घराच्या किमतीवर झोप मोजण्याची ही रीत घर विकून जाऊ शकणाऱ्यांपुरतीच खरी असते.

आणि येथेच मुंबईचा संबंध येतो. युरोपातील शांत रात्रीची दुसरी बाजू आपल्या आकाशात दिसते. फ्रांकफुर्टला ऑक्टोबर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियोजित विमाने बंद आहेत, आणि लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. आता हिशेब करा. मुंबई ते लंडन हा प्रवास सुमारे दहा तासांचा. हिवाळ्यात दोन्ही घड्याळांत साडेपाच तासांचे अंतर. सकाळी साडेसहाला हीथ्रोवर उतरायचे, तर मुंबईहून रात्री दोनला निघाले पाहिजे. युरोपला जाणारी अनेक विमाने मध्यरात्र ते पहाटे तीन या वेळेत सहारहून सुटतात, ती अशी. सर्व दोष युरोपच्या नियमांना देणे अन्यायाचे होईल. सकाळी पोहोचून पुढचे विमान गाठण्याची प्रवाशांची सोय, कंपन्यांचे वेळापत्रक आणि मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर दिवसा होणारी गर्दी, ही कारणेही आहेतच. पण तिकडे नियमांची भिंत आहे आणि इकडे तशी नाही, तेव्हा ओझे कोणत्या बाजूला कलणार हे सांगायला पदवी लागत नाही. कुर्ला-घाटकोपरच्या वस्त्यांत किंवा विलेपार्ल्याच्या जुन्या घरांत जागणाऱ्या माणसाचा लंडनच्या तडजोडीत आवाज नव्हता. ‘दुसरीकडे जा’ हा स्ट्रासबूरचा सल्ला कुर्ल्याच्या झोपडीधारकाला देण्याचे धाडस कोण करील?

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री दहाच्या ठोक्याला मंडपाच्या दाराशी उभा राहणारा पोलीस याच नियमांचा आधार घेतो. परंतु केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मानके ठरवली. वर्षाला ५०,००० हून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल चालतील. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. ४५ आणि ६५ यांतला फरक वीसचा दिसला, तरी ध्वनीची ऊर्जा शंभरपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच युरोपसाठी विमानांच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा ४० डेसिबल आहे. झोपणाऱ्याला किती सोसते यापेक्षा विमानतळ किती आवाज करतो, हे पाहूनच आपला आकडा लिहिला गेला असावा, असा संशय यावा इतके हे अंतर मोठे आहे.

मुंबईत रात्रीची विमाने सरसकट बंद करा, अशी मागणी प्रस्तुत लेखक करणार नाही. रात्रपाळीवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, आणि येथे बंद झालेली वेळ दोहा किंवा दुबई आनंदाने उचलील. मागणी आहे ती गुणांची आणि संख्येची: गोंगाटी विमानांना रात्री मज्जाव, उरलेल्यांना हंगामी कोटा, आणि कोणत्या वस्तीवरून रात्री किती विमाने गेली याचा आकडा दरमहा प्रसिद्ध करणे.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. तेथे हे अधिक सोपे आहे, पण फार काळ सोपे राहणार नाही. विमान कंपन्यांना एकदा मिळालेली उड्डाणाची वेळ त्यांनी नियमित वापरली, तर पुढच्या हंगामात तिच्यावर त्यांचाच पहिला हक्क राहतो, अशी जगभरची रूढी आहे. मग ती वेळ त्या वडिलोपार्जित जमिनीसारखी जपतात. हिवाळी वेळापत्रक दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी लागू होते. उलवे-पनवेलच्या आकाशात रात्री किती विमाने चालतील, हा आकडा त्या वेळांचे वाटप होण्यापूर्वी जाहीर झाला पाहिजे.