खाते कुणाच्या दारात उघडावे?



आमच्या वस्तीतील वाचनालयाचे एका मोठ्या समाजमाध्यमावर खाते होते. जयंतीचे फोटो, अभ्यासवर्गाच्या सूचना, शिष्यवृत्तीची माहिती असे सहा वर्षांचे दप्तर त्यावर होते. एके सकाळी खाते बंद झाले. अर्ज केला, उत्तर आले नाही. खाते सांभाळणारा मुलगा घरी आला. म्हणाला, "जयभीम काका. आता कुठं जायचं?" दप्तराची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती. आयुष्य कारकुनीत गेले, तरी ही चूक आमच्याकडून झालीच.

असा अनुभव येणारे आपण पहिले नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले, पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंधने आली. निळी खूण देताना जात पाहिली जाते, असा आरोप बहुजन समाजातील अनेकांनी तेव्हा केला. त्याच दिवसांत भारतातील बरेच लोक मॅस्टोडॉनकडे वळले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतले. मालक बदलला की नियम बदलतात, हे गिरणी पाहिलेल्या घरांना सांगायला नको.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोच्को यांनी सुरू केले. त्याला एक मालक नाही. हजारो सर्व्हर वेगवेगळी माणसे चालवतात. एका पोस्ट ऑफिसातली चिठ्ठी दुसऱ्या पोस्टात पोहोचते, तसा मजकूर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो. मात्र चालक थकला की दुकान बंद. मॅस्टोडॉन डॉट लोल हा सर्व्हर २०२३ मध्ये असाच बंद झाला. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत येतात, जुना मजकूर येत नाही. म्हणजे बदली झाली, पण सेवापुस्तक जुन्याच ऑफिसात राहिले.

ब्लूस्काय ट्विटरच्याच पोटातून २०१९ मध्ये निघाले, नंतर स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ पासून सर्वांना खुले झाले. वापरायला सोपे. मजकुरासह खाते दुसरीकडे नेण्याची सोय त्याच्या रचनेतच आहे. पण बहुतेकांची खाती आजही त्या एका कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. दार उघडे आहे, पण घर अजून कंपनीचेच.

मग निवड कशी करावी? बीकॉमच्या हिशेबी डोक्याला सुचलेल्या चार गोष्टी सांगतो. एक, सर्व्हर कोण चालवतो आणि त्याचा खर्च कोण देतो, ते पाहा. दोन, द्वेषाच्या मजकुराविरुद्ध नियम आहे का आणि त्यात जातीचा उल्लेख आहे का, ते वाचा. परदेशी चालकाला वंशभेद कळतो, जातीवरची शिवी कळेलच असे नाही. तीन, मॅस्टोडॉन आपल्या अधिकृत यादीतील सर्व्हरकडून रोजची प्रत आणि बंद करण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना, अशी हमी घेते. त्या यादीतूनच निवडावे. चार, मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोप कुलूपबंद नसतो, चालकाला तो वाचता येऊ शकतो. आधार क्रमांक, बँकेचा तपशील तिथे लिहू नये.

आमच्या वाचनालयाने मॅस्टोडॉन निवडले. गर्दी तिथे कमी आहे. आमच्या माताभगिनी तर व्हॉट्सॲपवरच आहेत, म्हणून सूचना तिकडेही जातात. पण आपले म्हणणे एकाच्या मर्जीवर टांगून ठेवायचे नाही, हे ठरले. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मुलगा सर्व मजकुराची प्रत उतरवून वाचनालयाच्या कपाटात ठेवतो. माध्यम कोणतेही निवडा, एवढे काम मात्र आपल्या मंडळात या रविवारपासूनच सुरू करा.

जयभीम.