परसांतील मुखलेप : स्नानाचा कीं औषधाचा ?

शेतीच्या मासिकांत चेहऱ्यास लावावयाच्या लेपांविषयीं लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत सहज येईल. परंतु थोडा विचार केल्यास तो उरणार नाहीं. तरुण मुलामुलींच्या तोंडावरील मुरुमांवर, म्हणजे वैद्य ज्यांस तारुण्यपीटिका म्हणतात त्यांवर, घरोघर जे लेप लाविले जातात त्यांतील हळद, जायफळ, खोबरेल, लिंबू, कोरफड हे जिन्नस आपल्याच परसांतून व बागांतून जातात. आपण पिकविलेल्या मालाविषयीं लोक काय समजतात आणि त्यापासून त्यांचें हित होतें कीं अहित, हें पाहणें बागाईतदाराचें कामच आहे.

ह्या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगानें. तारकर्लीस, कर्ली नदी व समुद्र ह्यांमधील वाळूच्या पट्टीवर, आमच्या नात्यांतील एका कुटुंबाची नारळीची वाडी आहे. पर्यटकांसाठीं दोन खोल्याही त्यांनीं बांधल्या आहेत. घरची मुलगी सतरा वर्षांची. गालांवर पुळ्या आल्या म्हणून तिनें कोणाच्या सांगण्यावरून लिंबाचा रस, हळद व खावयाचा सोडा ह्यांचा लेप केला आणि तोंड जेमतेम धुऊन ती भर दुपारीं किनाऱ्यावर गेली. दोन दिवसांत गाल भाजल्यासारखे होऊन फोड आले. फोड बसले, पण त्यांच्या जागीं जे काळे पट्टे उमटले ते पावसाळा सरला तरी गेले नाहींत. पाहुण्यांपुढें चहा घेऊन येणारी मुलगी माजघरांतून बाहेर येईनाशी झाली. तिची आजी मला पुनःपुन्हां विचारीत होती कीं, घरचें लिंबू व घरची हळद. ह्यांत वाईट तें काय असणार? त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम मुरुम म्हणजे काय तें पाहूं. त्वचेंत केसाच्या मुळाशीं तेल निर्माण करणारी एक लहान ग्रंथि असते. वयांत येतांना शरीरांतील अंतःस्रावांमुळें ती अधिक तेल स्रवूं लागते. रंध्राचें तोंड मृत पेशींनीं बुजतें. आंत तुंबलेल्या तेलांत क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस नांवाचे जंतु वाढतात आणि भोंवतालीं सूज येते. १२ ते २४ ह्या वयांतील शंभरांपैकीं सुमारें ८५ जणांस हा विकार कमीअधिक प्रमाणांत होतो. म्हणजे त्याचें मूळ त्वचेच्या आंत आहे, वरच्या मळांत नाहीं. माडाच्या कोंबांत गेंड्या भुंगा शिरला असतां आपण बुंधा धुवीत बसत नाहीं. आंकड्यानें भुंगा बाहेर काढतों. तोच न्याय येथें आहे. लेपानें वरचें तेल व मळ निघेल, तोंडास टवटवी वाटेल. परंतु आंतील बुजलेलें रंध्र त्यानें मोकळें होईलच असें नाहीं.

ह्यावरून आपल्या पूर्वजांस लेपाची पारख नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें ह्या विकाराचा निर्देश आहे, आणि शार्ङ्गधरसंहितेंत लोध्र, धने व वेखंड ह्यांचा लेप त्यावर सांगितला आहे. विशेष हा कीं, द्रव्यांबरोबर लावण्याची शिस्तही त्या वैद्यांनीं घालून दिली : लेप वाळल्यावर तो अंगावर राहूं देऊं नये, आणि रात्रीं लेप लावून निजूं नये. आज आपल्या घरांत नेमकें ह्याच्या उलट चालतें. लेप तडकून पडेपर्यंत ठेवावा, तो ओढूं लागला म्हणजे गुण येतो, अशी समजूत आहे. वस्तुतः तो ओढतो तो त्वचेंतील ओलावा. परंपरेचें नांव घेऊन आपण परंपरेची शिस्तच टाकून दिली आहे.

आतां एकेक जिन्नस घेऊं. चण्याचें पीठ व मुलतानी माती हीं तेल शोषून घेतात; बारीक चाळून, न घासतां लाविलीं तर तोंड स्वच्छ करण्यास तीं पुरेशीं आहेत. दह्यांत दुग्धाम्ल असतें; तें सौम्य आहे. सहाणेवर दुधांत उगाळलेलें जायफळ आपल्याकडे फार जुनें. परंतु सहाणेवरची कणी खरखरीत राहिली आणि ती पुळीवर चोळली, तर पुळी फुटून तिचा व्रण होतो. लावणेंच झाल्यास तें बोटानें टेंकवावें, रगडूं नये.

हळदीची कथा मोठी आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीनें जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट मिळालें. गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुढें करून, हें ज्ञान नवें नसल्याचें दाखविलें आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. ह्याचा अभिमान आपणांस असावाच. परंतु तो वाद जखमेविषयींचा होता, मुरुमांविषयींचा नव्हता. एका गुणाचा विजय दुसऱ्या गुणाचा पुरावा होत नाहीं. शिवाय बाजारची हळद शुद्ध असेलच असें नाहीं. बांगलादेशांत हळकुंडांस चकाकी यावी म्हणून शिशाचें पिवळें रंगद्रव्य चोळलें जात असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. हळद वापरावयाचीच तर घरीं शिजवून, वाळवून, दळलेली वापरावी.

खोबरेलाविषयीं बोलतांना नारळ पिकविणाऱ्यास संकोच होतो, पण बोललें पाहिजे. खोबरेलांतील लॉरिक आम्ल मुरुमांच्या जंतूंस मारतें, हें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. परंतु काचेच्या नळींतील जंतु निराळा आणि कपाळावरील रंध्र निराळें. तेंच तेल चेहऱ्यावर रंध्रांचीं तोंडें बुजवितें. डोक्यास चापून तेल लाविलें असतां तें घामाबरोबर कपाळावर उतरतें आणि केसांच्या कडेनें पुळ्यांची ओळ उठते. ह्या प्रकाराची नोंद त्वचारोगतज्ज्ञांनीं १९७० च्या सुमारासच केली आहे. ज्याच्या कपाळावर मुरुम आहेत त्यानें तेल रात्रभर न ठेवतां न्हाण्यापूर्वीं तासभर लावून धुऊन टाकावें. पुष्कळांस तेवढ्यानेंच उतार पडेल. रातांब्याच्या बियांचें कोकमतेल भेगाळलेल्या टांचांस अमृतासारखें. तें टांचांसच ठेवावें.

लिंबू व सोडा हे दोन जिन्नस मात्र तोंडास लावूंच नयेत. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे, सोडा अल्कधर्मी आहे, आणि त्वचा स्वभावतः किंचित् आम्लधर्मी असते. दोहोंपासूनही तिचें कवच बिघडतें. त्याहून वाईट हें कीं, लिंबाच्या सालींत व रसांत अशीं द्रव्यें आहेत कीं तीं सूर्याच्या अतिनील किरणांनीं जागीं होऊन त्वचा भाजतात. समुद्रकांठचें ऊन, वाळूवरून उसळणारा प्रकाश आणि गालावरचा लिंबाचा रस हीं एकत्र आलीं म्हणजे काय होतें तें वर सांगितलेंच आहे. आजीच्या प्रश्नाचें उत्तर हेंच : लिंबू वाईट नव्हे, त्याची जागा वाईट. आंब्याचा चीक व काजूच्या टरफलाचें तेल अंगास लागून उठलेले फोडही आपल्याकडे कित्येकदां मुरुम समजून लेपानें झांकले जातात. बागेंत काम करणाऱ्यानें आधीं हा भेद ओळखावा.

येथें कोणी म्हणेल, आमच्या आईनें, आजीनें हेच लेप लाविले आणि त्यांचीं तोंडें नितळ राहिलीं. तें खरेंही असेल. परंतु हा विकार पुष्कळांस वयपरत्वें आपोआपच जातो. जो लेप त्या वेळीं हातीं असेल त्यास यश मिळतें. शिवाय आजीच्या पिढीचें खाणें निराळें होतें. पापुआ न्यू गिनींतील किटावा बेटावरील १,२०० माणसें तपासलीं असतां त्यांत एकासही मुरुम आढळले नाहींत, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. त्या लोकांचें अन्न म्हणजे कंद, फळें, मासे व नारळ. साखर व गिरणीचें पीठ जवळजवळ नाहीं. वंशाचा व हवापाण्याचाही त्यांत भाग असेल. तरी त्या यादींतील मासे, कणगर व नारळ वाचून मालवणच्या माणसास तीं आपल्याच घरचीं वाटतील. आपल्या मुलांच्या हातीं आज साखरेचीं पेयें व पुड्यांतील बिस्किटें आहेत. नारळाचा उपयोग गालापेक्षां ताटांत अधिक आहे, असें मला वाटतें.

लेपांवर मी टीका करतों ती विलायती मलमांची बाजू घेऊन नव्हे. लेप निष्फळ झाला म्हणजे मुलें चोरून दुकानांतून मलम आणतात, हें लेपापेक्षां शतपट भयंकर आहे. बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलीं स्टेरॉइड मलमें पहिल्या आठवड्यांत सूज उतरवितात आणि तोंड उजळ दिसतें. पुढें त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसूं लागतात, आणि मलम थांबवितांच पुळ्या दुप्पट उठतात. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं १४ मलमें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें. तथापि नियम कागदावर असतो आणि नळी दुकानांत असते. आईबापांनीं मुलांच्या फळीवरील नळ्या एकदां वाचून पाहाव्या.

आतां आपणां बागाईतदारांविषयीं. पर्यटक येतात, त्यांस घरगुती मुखलेपाच्या पुड्या विकाव्या, आणि पुडीवर 'मुरुम हमखास जातात' असें छापावें, असा विचार आपल्यांतील कित्येक तरुण बोलून दाखवितात. जोडधंद्याची त्यांची तळमळ योग्य आहे. परंतु सौंदर्यप्रसाधन विक्रीसाठीं बनवावयास १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्यान्वयें परवाना लागतो, आणि रोग बरा करण्याचें वचन दिलें कीं तोच माल औषध ठरतो. कायद्याची गोष्ट सोडली, तरी सचोटीची गोष्ट राहतेच. आपल्या हापुसास व कोकमास भौगोलिक मानांकन मिळालें तें लोकांचा शब्दावर विश्वास बसावा म्हणून. खोट्या वचनाची एक पुडी तो विश्वास घालवील. पुडीवर 'तोंड धुण्याचें पीठ' एवढेंच लिहावें. तें खरें आहे आणि खपण्यासारखेंही आहे.

आपल्या वनस्पतींत गुण नाहींत असें मी म्हणत नाहीं. ते मोजले गेले पाहिजेत, असें म्हणतों. ऑस्ट्रेलियांतील एका झाडाचें तेल, टी ट्री म्हणतात तें, १९९० सालीं १२४ रुग्णांवर पारखलें गेलें : शेंकडा ५ प्रमाणाचा लेप, आणि तुलनेस शेंकडा ५ बेंझॉइल पेरॉक्साइड. तेलाचा गुण सावकाश आला पण आला, व त्रासही कमी झाला. द्रव्य, प्रमाण, मुदत व तुलना हीं चार सांगतां आलीं तेव्हां तें औषध म्हणून बोलूं लागलें. जायफळ, हळद, रातांबा ह्यांच्या उत्पन्नासाठीं दापोलीचें कृषि विद्यापीठ झटतें. ह्यांच्या गुणांची अशी पारख वैद्यकीय महाविद्यालयांच्या साह्यानें करून घ्यावी, अशी मागणी आपल्या संघानें करण्यास काय हरकत आहे?

तोंपर्यंत घरीं काय करावें ? बारीक पीठ किंवा मुलतानी माती दोन चमचे घेऊन ताज्या दह्यांत किंवा पाण्यांत कालवावी. प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. मग तोंडास दहा मिनिटें ठेवून ओलसर असतांनाच धुऊन टाकावी. आठवड्यांतून एकदोनदां पुरे. पुळ्या फोडूं नयेत. गांठी खोल असल्या, खड्डे पडूं लागले, किंवा दोन महिन्यांत उतार न पडला, तर मालवणास किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत डॉक्टरांची गांठ घ्यावी. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलिन अशीं पारखलेलीं औषधें आज आहेत. गुण यावयास त्यांस सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून धीर धरावा. पडलेला खड्डा मात्र कोणत्याही लेपानें भरून येत नाहीं.

लेप हा स्नानाचा भाग आहे, औषधाचा नव्हे. ही एवढी गोष्ट जे जिन्नस पिकवितात त्यांनींच आधीं बोलून दाखविली, तर ती लोकांस अधिक पटेल, आणि एखाद्या मुलीस माजघरांत लपून बसण्याची पाळी येणार नाहीं.