खेळातील अभ्यास, खेळातील भवितव्य

म्हैसूर म्हटले की दसरा, चंदन आणि रेशीम यांचे स्मरण होते. या नगरीच्या एका वेगळ्या वारशाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. इंग्रजांनी १८३१ मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर मुम्मडि कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी विद्या आणि कलांना वाहून घेतले. त्यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथातील ‘कौतुकनिधि’ या भागात गंजिफेच्या खेळांचे वर्णन आढळते. बुद्धिबळातील घोड्याने पटावरील प्रत्येक घरात एकदाच जावे, या कोड्याचाही त्यांना व्यासंग होता.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. कोणती पाने पडली, कोणती उरली, याचे भान खेळणाऱ्यास सतत ठेवावे लागते. पुराणकथा, गणन आणि स्मरणशक्ती यांचा संस्कार खेळता खेळता होतो. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी या लोपत चाललेल्या कलेस पुन्हा ऊर्जितावस्था आणली आणि स्थानिक चित्रकारांच्या हाताला काम मिळाले. खेळ ज्ञान देतो आणि चरितार्थही, याचे हे घरचेच उदाहरण होय.

मग तोच खेळ संगणकाच्या पडद्यावर आला की आपण त्याला केवळ वेळेचा अपव्यय का मानावे? ‘फोल्डइट’ या खेळात प्रथिनांच्या रचनेची कोडी सोडवावी लागतात. संशोधकांना अनेक वर्षे न उलगडलेली एका विषाणूच्या विकराची रचना या खेळातील खेळाडूंनी अवघ्या तीन आठवड्यांत उलगडली आणि २०११ मध्ये ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डेमिस हस्साबिस यांनी बुद्धिबळाच्या बक्षिसांतून पहिला संगणक घेतला व ‘थीम पार्क’ (१९९४) या खेळाच्या निर्मितीत मोठा वाटा उचलला. पुढे २०२४ मध्ये प्रथिनांच्या रचनेवरील कार्यासाठी त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा पौराणिक पार्श्वभूमीचा खेळ जगापुढे आणला. अशा निर्मितीत चित्रकार, संगीतकार, कथालेखक आणि आज्ञावली लिहिणारे अभियंते या सर्वांनाच स्थान असते.

तथापि प्रत्येक खेळ शिकवणारा नसतो. पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक संसार कर्जात लोटले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्यात अशा खेळांना मनाई असून, त्यांसाठीचे आर्थिक व्यवहार बँकांनी हाताळू नयेत, अशीही तरतूद आहे. शैक्षणिक खेळ आणि ई-क्रीडा यांना मात्र तोच कायदा उत्तेजन देतो. विधिमंडळाने जो विवेक केला, तो घरातही व्हावयास हवा.

त्यासाठी पालकांनी मुलाशेजारी बसून एकदा तरी खेळ पाहावा. ‘किती वेळ खेळतोस?’ या प्रश्नाबरोबरच ‘हा खेळ कसा रचला असेल? तुला त्यातला कोणता नियम बदलावासा वाटतो?’ असेही विचारावे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर शोधावेसे वाटते, त्याच्यात खेळाडूपलीकडचा निर्माता जागा होत असतो. त्याच्या हाती आधी कागद, पेन्सिल व सोंगट्या द्याव्यात. त्याने स्वतःचा एखादा छोटा खेळ रचून भावंडांना खेळावयास द्यावा. ही आवड टिकून राहिली, तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूरु केंद्रातील डिजिटल गेम डिझाइनसारख्या अभ्यासक्रमांचा विचार करता येईल. शैक्षणिक कर्जाचा निर्णयही अशा पारखलेल्या आवडीवर आधारलेला असावा. क्षणिक हौसेपोटी कुटुंबाच्या शिरावर हप्त्यांचा भार येऊ नये. आणि मुलांच्या हाती भ्रमणध्वनी देताना आपल्या कार्डाचा तपशील व ओटीपी मात्र कटाक्षाने आपल्याचजवळ ठेवावा.

राजाश्रयाने एके काळी खेळाला ग्रंथात स्थान दिले. आज तो आश्रय प्रत्येक घराने द्यावयाचा आहे, डोळसपणे आणि हिशेबाने.