जाहीर इशारा : मृगाआधी पाणी उतरवा

ओढ्याच्या वरच्या अंगाला ज्यांच्या मालकीचं धरण आहे, त्यांना खालच्या वाडीचा हा शेवटचा इशारा.

धरण तुमच्या आजोबांनी भाताला आणि कलमांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. खाचरं विकली गेली, पाट बुजले. आता त्या पाण्यात पाहुण्यांची होडी फिरते. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी ठोकली आहे. गेल्या पावसातला पालापाचोळा आणि वेफर्सची पाकिटं तिला अजून चिकटून आहेत. सांडवा तुंबला तर पाणी माथ्यावरून जाणार, आणि मातीचा बांध ते फार वेळ सोसत नाही.

पायथ्याशी पाझर पूर्वीपासून आहे, पण तो नितळ असायचा. यंदा काचेच्या बाटलीत भरून ठेवला, तर सकाळी तळाशी बोटभर माती. ही बांधाच्या पोटातली माती आहे.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरपेक्षा बुटक्या बांधाला लागू नाही, हे तुम्ही आम्हाला दोनदा ऐकवलंत. पण तेवढ्याने मालकाची जबाबदारी सुटत नाही. हवाई बेटांतलं का लोको धरणही खासगीच, उसाच्या मळ्यांसाठी बांधलेलं. १४ मार्च २००६ ला ते फुटलं, ७ माणसं गेली. सांडवा बुजवला गेला असावा, असं चौकशीत म्हटलं गेलं. मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. आपल्या चिपळुणातलं तिवरे सरकारी होतं. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, भेंदवाडी वाहून गेली आणि दोष खेकड्यांवर ढकलला गेला. आमच्या बाटलीतली माती खेकड्यांच्या नावावर घालू नका.

७ जूनच्या आत जाळी काढा, सांडवा साफ करा, झडप उघडून पाणी रोज थोडं थोडं उतरवा. एका रात्रीत उपसू नका, भिजलेला आतला उतार घसरतो. जाणत्या अभियंत्याकडून बांध तपासून अहवाल ग्रामपंचायतीत लावा. दुरुस्ती परवडत नसेल तर धरण रीतसर मोडा.

नाही केलंत, तर ८ तारखेला आम्ही बाटली घेऊन प्रांतांकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाऊ. बांध फोडण्याची धमकी आम्ही देत नाही. फोडला तर पाणी आमच्याच घरात येईल. मात्र त्या रात्रीपासून ओढ्याकाठच्या घरांतली म्हातारी माणसं आणि पोरं शाळेत झोपतील. त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करू.