कसोटी कोणाची?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धुळे-सोलापूर महामार्गावरील चौसाळ्याच्या परिसरातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. भांड्याकुंड्यांबरोबर शाळेच्या पटावरील मुलेही त्यांत बसलेली असतात. ती परततात तेव्हा चैत्र उजाडलेला असतो आणि वार्षिक परीक्षा दाराशी आलेली असते. ज्याने पाच-सहा महिने पुस्तक उघडले नाही, त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवून त्याच्या गुणांवरून शाळेची व शिक्षकाची प्रत ठरवावी, यास न्याय म्हणावे काय?

परीक्षाच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवू नये असे ठरविले. त्याचा अर्थ अनेक ठिकाणी, शिकविलेले तपासूच नये, असा घेतला गेला आणि नीट वाचता न येणारी मुले वरच्या वर्गात गेली. हा दोष लहान नव्हे. म्हणूनच २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली व २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्णास दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी आहे, हे खरे. परंतु सहा महिन्यांची तूट उन्हाळ्याच्या सुटीत भरून कशी निघावी?

केवळ गुणांच्या धाकाने काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. २००२ साली अमलात आलेल्या तेथील कायद्याने २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचन व गणितात प्रवीण झालेच पाहिजे, असे फर्मावले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार ठेवली. अनेक शाळांत इतर विषयांचा वेळ आटला. अटलांटा शहरात तर शिक्षकांनीच उत्तरे बदलल्याचे २०११ च्या चौकशीत उघडकीस आले. अखेर २०१५ मध्ये तो कायदा बदलावा लागला.

आमच्या कायद्यात मात्र जबाबदारी एकट्या शिक्षकाची नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य त्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. मुलाची परीक्षा दरवर्षी होते. या कर्तव्याची परीक्षा कोण घेणार?

आमची सूचना साधी आहे. गाड्या हलण्यापूर्वी जिल्हा परिषदेने गावोगावची यादी प्रसिद्ध करावी : किती मुले जाणार, त्यांपैकी किती हंगामी वसतिगृहात राहणार, किती कारखान्याजवळच्या शाळेत बसणार आणि शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत. हंगाम संपताच त्याच यादीवरून हिशेब द्यावा. चाचणीत जी शाळा मागे दिसेल, तिला नोटिशीआधी शिक्षक मिळावा. वैद्याने नाडी पाहावी ती औषध देण्यासाठी. रोग्यास दंड करण्यासाठी नव्हे.