हळदीचा अभिमान आहे ना? मग चाचणी मागा!

'हळदीपुढे सुपरबगही फेल' छापाच्या पोस्ट अधूनमधून फिरत असतात. खाली 'आपले पूर्वज ग्रेट'च्या कमेंटी. मला हळदीचं वावडं नाही. राग आहे तो अर्धंच सांगून थांबण्याचा.

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला आणि त्याच्या जातकुळीतल्या बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफ जंतू. १९६१ पासून डॉक्टरांना छळतोय. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत त्याची वाढ रोखतं, हे खरंच आहे. पण किती लागतं? एका अभ्यासात मिलिलिटरमागे १२५ ते २५० मायक्रोग्रॅम लागलं. व्हँकोमायसिन सहसा २ किंवा त्याहून कमी पुरतं. आणि माणसांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन खायला दिलं, तेव्हा रक्तात सरासरी १ मायक्रोग्रॅमही भरलं नाही. ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे पाव किलोच्या आसपास हळद! चमचाभर हळद घातलेल्या दुधाचा हिशोब तुम्हीच करा.

'नैसर्गिक विरुद्ध केमिकल' हे भांडणच खोटं आहे. पेनिसिलिन बुरशीतून आलं, व्हँकोमायसिन बोर्निओच्या मातीतल्या जंतूपासून. चीनच्या तू यूयू यांना जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीवरून मलेरियाचं औषध सापडलं, २०१५ चं नोबेल मिळालं. ते काही ग्रंथाला मिळालं नाही. द्रव्य वेगळं काढलं, आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तपासलं, म्हणून मिळालं.

१९९७ मध्ये अमेरिकेतलं हळदीचं पेटंट आपण रद्द करून घेतलं, याचा मलाही अभिमान आहे. पण तेव्हा सीएसआयआरने भावना दुखावल्याची तक्रार केली नव्हती, जुने छापील पुरावे समोर ठेवले होते. शिवाय त्यातून वापर जुना आहे एवढंच सिद्ध झालं. एमआरएसएवर ती लागू पडते, हे नाही.

म्हणून हळदीचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला विचारा: पुढची चाचणी कधी? रक्तात पुरेसं पोचेल असं रूप बनवणार का? जखमेवरच्या लेपाची नेहमीच्या औषधाशी तुलना करणार का? निकाल उलटा आला तर तोही छापणार का?

स्टॅफ रक्तात शिरला की योग्य औषधाला झालेला उशीर जिवावर बेततो. तिथे फॉरवर्ड कामाला येत नाही. तेव्हा हळद भाजीत घाला, दुधात घाला, पण डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक तिच्या भरवशावर बंद करू नका. आणि साध्या सर्दीला ते मागूही नका!